कालचा पाऊस, कालच्या तारखेला

आमच्या निळकंठ भाऊजींना कुठलीही बातमी सांगा, ते आधी एकच प्रश्न विचारायचे. "कवापासून कवापर्यंत?" कुणाला ताप आला म्हटलं तरी तेच, कुणाच्या मुलीला नोकरी लागली म्हटलं तरी तेच. वॉर्डातले एक काका वारल्याचं मी सांगायला गेलो, तेव्हाही त्यांच्या तोंडून "कवापासून" एवढं निघून गेलं होतं. शकुनताईने डोळे वटारले म्हणून उरलेलं त्यांनी गिळलं.

शकुनताई माझी थोरली बहीण, आणि भाऊजी तिचे यजमान. भाऊजींना जाऊन आता वर्ष होत आलं. खैरलांजीकडच्या एका गावात एक सरकारी विश्रामगृह होतं, तिथे ते चौकीदार होते. त्याच आवारात पाऊस मोजायचा डबा पुरलेला होता, म्हणून तो मोजायचं कामही त्यांच्याकडे आलं. चौकीदारी त्यांनी कशी केली ते मला ठाऊक नाही. मुक्कामाला येऊन गेलेले साहेब चहा फार गोड असतो म्हणत, एवढंच कानावर आहे. पण पावसाच्या बाबतीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. रोज सकाळी साडेआठला ते डबा उघडत, आतलं पाणी मापाच्या काचेच्या गिलासात ओतत, गिलास डोळ्यासमोर धरत आणि आकडा रजिस्टरात चढवत. एप्रिलच्या भट्टीतसुद्धा डबा उघडून, आत डोकावून मगच शून्य लिहीत. मी एकदा विचारलं, भाऊजी, आभाळात ढगाचं नाव नाही, घरूनच शून्य लिहिला तर काय बिघडते? त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "पाह्यलेला शून्य अन् बिना पाह्यलेला शून्य एक नाही राहत, साळेबुवा."

लग्न झालं तेव्हा वरात आमच्याकडे, तुमसरला, आली होती. सगळं नीट पार पडलं, फक्त नवरदेव रात्रभर घड्याळ पाहत होते. पहिल्या बसने निघायचा त्यांचा हट्ट. आमच्या आईला वाटलं जावई हुंड्यावरून रुसले की काय, हुंडा तर घेतलाच नव्हता. ताईला घेऊन ते गावी उतरले ते थेट विश्रामगृहात. घर पाचशे पावलांवर, सासू ओवाळायला दारात उभी, आणि इकडे नवी नवरी ट्रंक घेऊन चिखलात उभी राहून पाहतेय, की आपला नवरा जमिनीतून डबा काढतो, त्यातलं पाणी गिलासात ओततो आणि डोळे बारीक करून निरखतो. ताई नंतर सांगायची, तिला वाटलं माणसाला काही आजार आहे आणि घरच्यांनी लपवला.

आजार नव्हता, पण स्वस्थताही नव्हती. भाऊजी खुर्चीवर पूर्ण बसलेले मी फार कमी पाहिले. काठावर टेकायचे, चहा अर्धा प्यायचे आणि उठून आभाळ पाहून यायचे. कुणाकडे गेले तर एक पाय उंबऱ्याबाहेर. सिनेमाला गेले तर मध्यंतरात बाहेर पडायचे ते परत यायचेच नाहीत. मी हे सगळं डब्याच्या खात्यावर मांडून मोकळा झालो होतो. एवढी वर्षं साडेआठ सांभाळायचे म्हणजे माणूस असा होणारच, असं आपलं मी लोकांना समजावून सांगायचो. मला लोकांना समजावून सांगायची सवयच आहे, समजलेलं नसलं तरी.

निवृत्त झाल्यावर ते बालाघाटला आले. मीही तोवर तुमसर सोडून इथेच स्थिरावलो होतो. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. आता डबा नव्हता, पण साडेआठ वाजले की ते अंगणातून फाटकात यायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. वॉर्डातल्या बायकांना वाटायचं, हे कचऱ्याच्या गाडीची वाट पाहतात. शेजारच्या मेश्रामबाई तर आपली बादलीही त्यांच्या हातात देऊन जायच्या. ते मुकाट्याने दोन्ही बादल्या सांभाळायचे.

त्यांची मुलगी प्रणाली पुण्याला नोकरी करते. काय करते, हे मी तिला तीनदा विचारलं आणि तीनदा विसरलो. चौथ्यांदा तिने माझ्या अकलेचा अंदाज घेऊन सांगितलं. "मामा, समजा पन्नास वर्षांपूर्वी एक लग्न झालं. फोटो नाहीत. पण कोणाला जेवण आठवते, कोणाला भांडण, कोणाला फक्त बँड. सगळ्यांचं ऐकून पूर्ण लग्न पुन्हा उभं करायचं, ज्या खोलीत कोणीच नव्हतं त्या खोलीसकट." तर ही मंडळी जुन्या दिवसांची हवा अशी पुन्हा उभी करतात. जगभर जिथे जिथे, जहाजांवर, बंदरांवर, शाळांच्या आवारात, कुणी हवेचा दाब लिहून ठेवला असेल ते सगळं गोळा करून यंत्रात घालतात. मग यंत्र सांगतं, अमक्या दिवशी पृथ्वीवर कुठे ढग होते, कुठे ऊन होतं. आणि यंत्राने सांगितलेला पाऊस खरंच पडला होता का, हे भाऊजींसारख्यांच्या रजिस्टरांवरून ताडून पाहतात.

मी म्हटलं, म्हणजे मागचं भविष्य. ती म्हणाली, तसंच समजा.

योगायोग असा की कुठल्याशा कोठीत भाऊजींची जुनी रजिस्टरं सापडली आणि कुणीतरी त्यांच्या पानांचे फोटो काढून प्रणालीकडे पाठवले. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, वर वाळवीने खाल्लेलं. ते वाचू शकणारा माणूस जगात एकच, आणि तो आमच्या वॉर्डात दोन बादल्या धरून उभा होता. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सगळे फॉर्म भरून मिळतात, बरोबर भरून मिळतील अशी पाटी मी लावलेली नाही. तर ठरलं असं की भाऊजींनी सांगायचं आणि मी टाइप करायचं.

ते रोज पावणेनऊला येत आणि स्टूल असूनही उभ्याने आकडे सांगत. आकड्याबरोबर दिवसही सांगत. या दिवशी साहेब मुक्कामी आलते अन् कोंबडा पळाला होता. या दिवशी शकुनले पहिल्यांदा उलट्या झाल्या. मी हसता हसता शून्य एक जास्त टाकायचो, ते काउंटरवर बोट वाजवून खोडायला लावायचे. एका पानावर एका तारखेपुढे दोन आकडे दिसले, एक निळ्या शाईत, दुसरा लाल. मी विचारलं, यातला कोणता घेऊ? ते म्हणाले, निळा घे. लाल कसला? "ते सोड. पुढं चाल." असं म्हणून ते रस्त्यावर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी निळा घेतला. सोडा म्हटलं की सोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

टाइप केलेली पानं पाठवून महिना झाला असेल. एका दुपारी प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघेही दुकानात होतो. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "बाबा, तुमचा पाऊस सगळ्यांच्या एक दिवस आधी पडून राह्यला."

मला हे कौतुकच वाटलं. पण तिने समजावलं. नियम असा, की सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी मोजलेल्या दिवसाच्या तारखेला लिहायचं, मग ते काल दुपारी पडलेलं का असेना. सगळा देश असंच लिहितो. भाऊजींची सुरुवातीची वर्षं सगळ्यांशी जुळतात. मध्ये कुठेतरी गाडी एक घर मागे सरकते आणि निवृत्तीपर्यंत तशीच राहते. कुठे सरकली, त्याचा महिना साधारण कळतो, दिवस कळत नाही. कारण तर मुळीच कळत नाही. आणि कारण कळलं नाही तर तिच्या वरचे लोक सगळीच रजिस्टरं बाजूला ठेवतील.

"बाजूला म्हंजे?" भाऊजींनी विचारलं.

"म्हंजे वापरणार नाहीत, बाबा. तिथं कोणी पाऊस मोजलाच नव्हता, असं धरतील."

भाऊजींनी खिशातला लाल पेन काढला, पुन्हा ठेवला आणि निघून गेले.

पुढचे आठ दिवस ते दुकानात आले नाहीत. ताईचे फोन येऊ लागले. सकाळी निघतात, बसस्टँडवर जातात, खैरलांजीच्या बसमध्ये बसतात आणि पुढच्याच थांब्यावर उतरून पायी परत येतात. जेवताना उठतात. विचारलं तर खेकसतात. ताईने मला कामाला लावलं. मी घरी गेलो आणि मला सुचलेला तोडगा ऐकवला. म्हटलं, एवढा कायचा विचार करता? आकडे आपल्याच हातात आहेत. मी बसून एक एक दिवस पुढं सरकवून टाकतो, प्रणालीले म्हणू टाइपिंगची चूक होती. कोणाले समजते?

येरझारा घालणारे भाऊजी थांबले. माझ्याकडे असे पाहू लागले, जसं डब्यात बेडूक निघाल्यावर पाहत असतील. "तुह्यासारख्याच्या हाती दुनियेचा पाऊस देला त दुनिया बुडन, साळेबुवा." मग जरा वेळाने हळू आवाजात म्हणाले, "उद्या येतो दुकानात. गिऱ्हाईक नसन तवा सांगजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. बाहेर ऊन तापलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मला ते पान उघडायला लावलं, दोन आकड्यांचं. लाल आकड्यावर बोट ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगू लागले.

गावाबाहेर नाल्यावर एक बांध होता. त्याच्या फाटकांवर मंगरू नावाचा माणूस होता, रोजंदारीवरचा. भाऊजींचा जिवाचा दोस्त. भादव्यात एका मंगळवारी दुपारी एकाएकी आभाळ फाटलं. तीन तास असा पाऊस पडला की समोरचं झाड दिसेना. मंगरूने एकट्याने फाटकं उचलली, एक उचललं गेलं नाही, आणि संध्याकाळी बांध फुटला. खालच्या गावातली उभी धानं गेली. माणूस सुदैवाने कुणी गेलं नाही. महिना-दोन महिन्यांनी जांच आली. बाहेरगावचे साहेब होते. त्यांनी पावसाचं रजिस्टर मागवलं. त्यात मंगळवारपुढे शून्य होतं, कारण मंगळवारी सकाळी साडेआठला डबा कोरडाच होता. दुपारचा सगळा पाऊस बुधवारपुढे, नियमाप्रमाणे. साहेब म्हणाले, बांध फुटला मंगळवारी, पाऊस पडला बुधवारी. म्हणजे बिनपावसाचा बांध फुटला, म्हणजे फाटकांवरचा माणूस झोपला होता. गावकरी सांगत राहिले, पाऊस होता. साहेब म्हणाले, गाव तर आपल्या माणसाची बाजू घेणारच, कागद घेत नाही.

मग त्यांनी भाऊजींना बोलावलं आणि एकच विचारलं, ही नोंद तुमची? बरोबर आहे?

"म्या म्हटलं, हौ साहेब, बरोबर आहे." भाऊजींचं बोट अजून लाल आकड्यावर होतं. "बरोबरच होती ना ती. एक अक्षर खोटं नव्हतं. बस, बुधवार म्हंजे मंगळवारची दुपार, एवढंच सांगाचं होतं. नाही सांगितलं. साहेबाचा आवाज मोठा होता. मले वाटलं, ज्यादा बोललो त मलेच धरतीन."

मंगरूला काढलं. तो बायको-मुलाला घेऊन मलाजखंडकडे गेला, खाणीत कुणा ठेकेदाराच्या हाताखाली लागला. ज्या दिवशी तो गाव सोडून गेला, त्या दिवशी सकाळी भाऊजींनी डबा मोजला आणि आकडा आजच्या तारखेपुढे न लिहिता कालच्या तारखेपुढे लिहिला. तिथे आधीचा निळा आकडा होताच, म्हणून हा लाल शाईत, शेजारी. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कालचा पाऊस कालच्याच तारखेला. पुन्हा कुणी साहेब आला आणि रजिस्टर मागितलं, तर ज्या दिवशी पडला त्या दिवशीच दिसला पाहिजे. कुणाला सांगितलं नाही. ताईलाही नाही.

मी एवढी वर्षं त्यांच्या उठण्याबसण्याचं कारण लोकांना समजावून सांगत होतो. त्या दुपारी मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसलो.

त्यांनी प्रणालीला फोन लावायला सांगितला आणि सगळं तिलाही सांगितलं, त्याच क्रमाने, काही न वगळता. शेवटी म्हणाले, "त्या लाल आकड्याच्या पहिले एक बी चुकला नाही. त्याच्यापासून पुढं सगळे चुकवले, अन् समजूनउमजून चुकवले."

मग तिने विचारलं, "बाबा, हे कारण मी लिहून घेऊ?"

"लिही. माह्या नावानं लिही."

रजिस्टरं वापरात घेतली गेली. सगळीच. लाल आकड्यापासून पुढे एक दिवस सरकवावा, असा शेरा त्यांच्या माथ्यावर लागला आणि त्याच्या खाली कारणही. मला वाटलं, झालं, आता माणूस दोन घटका बसेल. भाऊजींनी तिसऱ्याच दिवशी प्रणालीकडे त्या मंगळवारचं चित्र मागितलं. यंत्राला त्यांच्या रजिस्टराची काही खबर नव्हती, त्याने दूरदूरच्या हवेवरून आपल्या मनाने तो दिवस उभा केला होता. चित्र आलं. मंगळवारी दुपारी आपल्या मुलखावर गडद निळा डाग. प्रणालीने बजावून सांगितलं, बाबा, हे मोठ्या प्रदेशाचं चित्र आहे, एका नाल्याची शपथ यंत्र घेऊ शकत नाही.

"शपथ म्या घेईन," भाऊजी म्हणाले. "यंत्रानं फक्त संग यावं."

मी प्रिंट काढला. निळी शाई संपत आली होती, पाऊस हिरवा निघाला. हिरवा पाऊस घेऊन मी जाणार नाही, म्हणून त्यांनी मला बाजारात पिटाळलं. नवी शाई घालून पुन्हा काढला.

मग माझ्या मोटरसायकलवर आम्ही मलाजखंडला निघालो. बैहरच्या घाटात त्यांनी तीनदा गाडी थांबवली आणि तिन्ही वेळा म्हणाले, जाऊ दे, वापस चाल. तिसऱ्यांदा तर ते उलट्या दिशेला चालूही लागले. मी काही त्यांना धीर वगैरे दिला नाही, तसं मला जमत नाही. टाकी फुल भरली आहे, ती आता वाया जाईल, एवढंच म्हणालो. ते परत येऊन मागे बसले. त्यांचे गुडघे माझ्या कमरेला रुतत होते.

खाणीच्या कंपनीच्या वसाहतीबाहेर एक वस्ती आहे, तिथे मंगरूदादा मुलाकडे राहत होते. वाळलेला, उंच म्हातारा, पांढऱ्या मिशा. भाऊजींना पाहून ते उठले नाहीत, पण नावाने ओळखलं. खाट दाखवली. भाऊजी उभेच राहिले. कागद पुढे केला आणि बोलत गेले. मंगरूदादांनी निळा डाग पाहिला, लांब धरून पाहिला, मग परत दिला.

"मेरे को क्या दिखाता है, निळकंठ. मैं तो उसमें भीगा था."

भाऊजी कागदाची घडी घालू लागले. मंगरूदादांनीच विचारलं, "उस दिन काहे नहीं बोला?"

"भेलो होतो."

मंगरूदादा मान हलवत राहिले. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. शेजारच्या टपरीवर रेडिओ चालू होता, त्यात कुणीतरी भाजीचे भाव सांगत होतं. मग त्यांनी हनुवटीने अंगणाच्या टोकाला इशारा केला. तिथे त्यांची बायको भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती.

"मेरे को मत बता. उसको बता. तीस साल से बोलती है, तू उस दिन महुआ पी के सोया था."

त्यानंतरही मी भाऊजींना पाहिलं. दवाखान्यात पाहिलं, शेवटी पाहिलं तेही विसरलेलो नाही. पण त्यांची आठवण निघाली की मी आपोआप त्या अंगणाच्या फाटकापाशी, मोटरसायकलला टेकून उभा असतो. भाऊजी कागद दोन्ही हातांनी धरून म्हातारीसमोर गेले. हळू आवाजात, जसं दुकानात मला सांगितलं होतं तसं, सांगू लागले. म्हातारीने शेंगा बाजूला ठेवल्या, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कानाला हात लावून मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं. भाऊजींनी आवाज चढवला. म्हातारीने पुन्हा मान हलवली. मग ते ओरडून सांगू लागले, की भाभी, मंगळवारी पाऊस पडला होता, मंगरू झोपला नव्हता, मले मालूम होतं अन् मी बोललो नाही. शेजारच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. हापशावरच्या बायकांचे हात थांबले. टपरीवाल्याने रेडिओ बंद केला.

"और जोर से, भैया," म्हातारी म्हणाली.

भाऊजींनी एकदा सगळ्या गल्लीकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.